स्वारगेट ते शिवाजीनगर न्यायालय: चार तारखा, चार वाटा

पुण्यातल्या स्वारगेटच्या एसटी स्थानकापासून शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयापर्यंतचे अंतर साडेतीन ते चार किलोमीटर आहे, आणि एवढ्या अंतरासाठी न्यायालयातल्या पहिल्याच तारखेला माझ्याकडे दीडशे रुपये मागण्यात आले. साताऱ्याहून पहाटेच्या गाडीने आलेली, हातात कागदपत्रांची पिशवी घेतलेली आणि अकराच्या पुकाऱ्याच्या धास्तीने घड्याळाकडे पाहणारी बाई दिसली की भाव चढतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी मीटर टाकायला सांगितले, तेव्हा रिक्षावाल्याने उत्तर दिले, "वनवे आहे ताई, सगळा वळसा घालून जावं लागतं." मी मुकाट्याने बसले.

हा वळसा मी त्यानंतर तीन तारखांना शोधला आणि तो कुठेही सापडला नाही. शिवाजी रस्ता एकेरी आहे, हे खरे. पण तो स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडेच वाहतो, म्हणजे आपल्याला जायचे असते त्याच दिशेने. मंडई, दगडूशेठ, लाल महाल, शनिवारवाडा, पुढे शिवाजी पूल आणि महापालिका भवन अशी ही जवळजवळ सरळ रेघ आहे. पुण्यातला मीटरचा दर सप्टेंबर २०२२ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढील प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये असा ठरलेला असल्याने, अंतर पूर्ण चार किलोमीटर धरले तरी हिशेब ६७-६८ रुपयांच्या वर जात नाही. सिग्नलवरच्या खोळंब्याचे आणखी दहा रुपये धरा. उरलेले सत्तर-बहात्तर रुपये त्या न सापडलेल्या वळशाचे. एसटी स्थानकाच्या दारात उभ्या असलेल्या रिक्षेत बसू नये, हा माझा पहिला आणि ठाम सल्ला आहे. बसायचेच असेल तर चौक ओलांडून शिवाजी रस्त्याच्या तोंडाशी जावे आणि चालती रिक्षा थांबवावी. उभी रिक्षा भाव ठरवते, चालती रिक्षा निदान मीटरचा विचार तरी करते.

दुसऱ्या तारखेला पुतण्याच्या सांगण्यावरून मेट्रोने गेले. "काकू, खाली उतरायचं, बसायचं, वर यायचं. दहा मिनिटं!" असे त्याने फोनवर सांगितले होते. २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या या भुयारी मार्गावर स्वारगेटनंतर मंडई, कसबा पेठ आणि जिल्हा न्यायालय अशी तीनच स्थानके आहेत, आणि गाडीत बसल्यावरचा वेळ खरोखरच दहा मिनिटांच्या आत आहे. पुतण्याने हिशेबात धरले नव्हते ते उतरणे आणि चढणे. एसटीतून उतरून मेट्रोचे प्रवेशद्वार गाठणे, पिशवीची तपासणी, तिकीट, फलाटापर्यंतचे जिने, गाडीची वाट आणि मग शेवटी जिल्हा न्यायालय स्थानकातून वर येणे. हे स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे. दहा मजली इमारत जमिनीत पुरली आणि तळमजल्यावरून गच्चीकडे निघालो, असे समजावे. सरकते जिने आणि उद्वाहने भरपूर आहेत, त्यामुळे पायांना त्रास नाही, परंतु एक जिना संपला की दुसरा समोर उभा राहतो आणि आपण नक्की कितव्या पातळीवर आहोत, हेच कळेनासे होते. मी घाईत चुकीच्या दाराने बाहेर पडले आणि न्यायालयाच्या फाटकाऐवजी भलत्याच बाजूला निघाले. एसटीची पायरी सोडल्यापासून न्यायालयाच्या फाटकापर्यंत मला चौतीस मिनिटे लागली. दहा नव्हेत.

तरीही ज्यांच्याकडे जड सामान आहे, ज्यांना पावसात कागद भिजवायचे नाहीत किंवा ज्यांची तारीख गणेशोत्सवात लागली आहे, त्यांनी मेट्रोनेच जावे, कारण त्या दिवसांत शिवाजी रस्त्यावर वाहनाचा भरवसा धरता येत नाही. चौतीस मिनिटे लागतील, परंतु ती पस्तीस किंवा छत्तीस होतील, सत्तर होणार नाहीत. वर येण्याआधी दाराची पाटी थांबून वाचा. जिन्यावर धावून वाचवलेली दोन मिनिटे चुकीच्या दाराशी पाचपट होऊन वसूल होतात.

तिसऱ्या तारखेला पीएमपीची, म्हणजे पुण्याच्या शहर वाहतुकीची बस. कात्रजहून शिवाजीनगरला जाणारी बस स्वारगेटवरून शिवाजी रस्त्याने जाते, आणि जून २०२५ च्या भाडेवाढीनंतरही पहिल्या पाच किलोमीटरना दहाच रुपये पडतात, तेव्हा पैशाच्या हिशेबाने तिला तोड नाही. बसायला जागा मिळेल, ही आशा मात्र ठेवू नये. ती कात्रजलाच भरून येते. जाताना अर्ध्या तासात पोहोचले आणि त्याविषयी सांगण्यासारखे काहीही घडले नाही. फजिती झाली ती परतताना. महापालिकेजवळचे काम आटोपून मी लाल महालापर्यंत चालत आले आणि सकाळी बस जिथे थांबली होती, त्याच थांब्यावर स्वारगेटच्या बसची वाट पाहत उभी राहिले. वीस मिनिटांत एकामागून एक बस गेल्या, सगळ्या शिवाजीनगरच्या दिशेने. अखेर एका फूलवाल्या बाईंना दया आली. "इकडून परत जात नाही कोणी, बाजीराव रोडला जा," त्या म्हणाल्या. जायची बस शिवाजी रस्त्याने आणि यायची बाजीराव रस्त्याने, एवढे साधे वाक्य मला कोणीही आधी सांगितले नव्हते. बाहेरगावच्या माणसाने हे पाठ करूनच पुण्यात उतरावे.

चौथ्या तारखेला मी पायी गेले, आणि या वाटेबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. स्वारगेट ते मंडई ठीक आहे. शिवाजी पुलापासून पुढेही ठीक आहे. परंतु मंडईपासून लाल महालापर्यंतचा जो तुकडा आहे, जेमतेम पाऊण किलोमीटरचा, तो मला घाटातल्या चढापेक्षा अवघड गेला. पदपथ आहे, परंतु त्यावर माणसांखेरीज सर्व काही आहे: हारांच्या पाट्या, दुकानाबाहेर मांडलेला माल, आडव्या लावलेल्या दुचाकी. म्हणून आपण खाली रस्त्यावर उतरतो, तर मागून बसचा भोंगा. दगडूशेठच्या समोर आल्यावर तर पुढचा माणूस कोणतीही सूचना न देता थांबतो, चप्पल काढतो आणि हात जोडतो. त्याच्या श्रद्धेला माझा नमस्कार आहे, परंतु त्याच्या पाठीवर मी दोनदा आदळले. रस्ता एकेरी असल्याने वाहने एकाच बाजूने येतील या समजुतीने मी एकाच बाजूला पाहत होते आणि उलट दिशेने आलेल्या दुचाकीने माझी पिशवी कोपऱ्यावर फाडली. आतला सातबारा वाचला, हे नशीब. या तुकड्यावर दोन्ही बाजूंना पाहावे, पिशवी दुकानांच्या बाजूच्या हातात धरावी, आणि मंगळवारी किंवा संकष्टीला इथून पायी जाण्याचा विचारही करू नये. चालण्याचा हट्टच असेल तर मंडईपर्यंत चालावे, तिथे मेट्रोत उतरावे आणि कसबा पेठेखालून हा सगळा गोंधळ डोक्यावरून जाऊ द्यावा.

एकूण वेळ पन्नास मिनिटे, त्यांतली जवळजवळ वीस त्या पाऊण किलोमीटरची. परत येताना बाजीराव रस्त्याने चालले; सावली होती आणि कसलाच त्रास झाला नाही, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

माझी आजची पसंती अशी: पिशवी हलकी आणि हाताशी तासभर असेल तर बस, पिशवी जड किंवा वेळ मोजका असेल तर मेट्रो, आणि पायी फक्त परतीला. रिक्षा कोणी मीटरने नेली तरच.

या चारांनंतरच्या तारखेला काम लांबले आणि पाय दुखत होते, म्हणून न्यायालयाच्या फाटकाशी रिक्षा विचारली. तेच दीडशे, आणि तोच वनवे. मी म्हटले, "भाऊ, बाजीराव रस्ता सरळ स्वारगेटला उतरतो, वळसा कुठला ते दाखवा, मी दोनशे देते." त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मीटर टाकला. स्वारगेटला ७१ रुपये झाले. सुटे नव्हते, म्हणून पंचाहत्तर दिले.