सेंट जॉन ते सेंट जॉन्स: बंद पडलेल्या हॉकी संघांच्या वाटेवर

तिकीट काढतानाच पहिली चूक होते. सेंट जॉन न्यू ब्रन्सविकमध्ये, सेंट जॉन्स न्यूफाउंडलंडमध्ये, मध्ये समुद्र. दोन्हीकडे एएचएलचे संघ होते. बर्फावरच्या हॉकीत एएचएल म्हणजे एनएचएल या सर्वोच्च लीगच्या खालची पायरी, मोठ्या क्लबांची रोपवाटिका. २०१७ पासून कॅनडाच्या अटलांटिक प्रांतांत या लीगचा एकही संघ नाही.

या वाटेला ऑक्टोबरच उत्तम. यातल्या काही रिंकमध्ये आता ज्युनियर संघ खेळतात आणि त्यांचा हंगाम तेव्हा सुरू झालेला असतो. सामन्याच्या दिवशी जा, एरवी आतलं दार बंद असण्याचीच शक्यता जास्त. स्वेटर न्या, खुर्चीत अडीच तास बसल्यावर गारठा पायांतून चढतो.

सेंट जॉनचं टीडी स्टेशन म्हणजे जुनं हार्बर स्टेशन. कॅल्गरीच्या एनएचएल क्लबचा फार्म (म्हणजे दुय्यम) संघ, सेंट जॉन फ्लेम्स, इथे १९९३ ते २००३ खेळला. २००१ मध्ये त्याने कॉल्डर कप, म्हणजे एएचएलचं विजेतेपद, जिंकला आणि दोनच वर्षांत तो गेला. गावाचं काही चुकलं नव्हतं. संघाचा निर्णय हजारो किलोमीटरवरच्या मूळ क्लबच्या हातात, प्रतिस्पर्धी बहुतेक अमेरिकेत, खर्चाचा मोठा भाग अमेरिकी डॉलरमध्ये. २००२ च्या जानेवारीत कॅनडाचा डॉलर अमेरिकेच्या ६२ सेंटच्या आसपास घसरला होता. छोट्या गावाला हे झेपणं कठीणच.

फ्रेडरिक्टन इथून सुमारे ११० किलोमीटर. विद्यापीठाच्या टेकडीवरच्या एटकेन सेंटरमध्ये आधी एक्सप्रेस हा संघ खेळला, मग १९९० ते १९९९ कॅनेडियन्स. १९९५ ला ते अंतिम फेरीत हरले, पुढे संघ क्वेबेक सिटीला हलला.

मॉन्क्टनला एक खबरदारी घ्या. जुनी जर्सी घेताना नुसतं 'हॉक्स' वाचून पैसे देऊ नका. १९८२ चा कप जिंकलेले न्यू ब्रन्सविक हॉक्स टोरंटो आणि शिकागोचे. १९८७ ते १९९४ चे मॉन्क्टन हॉक्स विनिपेगचे. दोन्ही एकाच कोलिझियममध्ये खेळले.

प्रिन्स एडवर्ड बेटावर जायला १२.९ किलोमीटरचा पूल आहे, तो १९९७ मध्ये खुला झाला. बेटावरचे सेनेटर्स १९९३ ते १९९६ खेळले, म्हणजे प्रत्येक पाहुण्या संघाची बस बोटीनेच यायची. टोल बेट सोडतानाच लागतो. परतताना वुड आयलंड्सहून कॅरिबूची बोट घ्या. ७५ मिनिटं लागतात आणि नोव्हा स्कोशियातल्या सिडनीची वाटही सोपी होते.

सिडनीला पूर्ण दिवस द्या. सेंटर २०० हे नाव गावाच्या १९८५ मधल्या द्विशताब्दीवरून आलं. इथले केप ब्रेटन ऑइलर्स १९८८ ते १९९६ खेळले आणि १९९३ मध्ये कॉल्डर कप जिंकले. त्या प्लेऑफमध्ये बिल मॅकडूगलने १६ सामन्यांत २६ गोल आणि २६ असिस्ट (गोलला हातभार) केले, प्रत्येकाचा एक गुण. सामन्याला तीनहून जास्त गुण! या गावाचं नाव हॉकीत त्यासाठीच घेतलं पाहिजे. तीन वर्षांनी संघ हॅमिल्टनला गेला.

नॉर्थ सिडनीहून न्यूफाउंडलंडच्या पोर्ट ओ बास्कची बोट सुमारे सात तासांची, पुढे सेंट जॉन्स जवळपास ९०० किलोमीटर. सुटण्याच्या दोन तास आधी धक्क्यावर पोचा. गाडी भाड्याची असेल तर ती बोटीवर नेण्याची परवानगी लेखी घ्या. न्यूफाउंडलंडमध्ये अंधार पडल्यावर चालवू नका: मूस हे भलं मोठं हरीण उंच असतं, त्याचे डोळे दिव्यात चमकत नाहीत, आणि धडक बसली की धड थेट काचेवर येतं. घड्याळ अर्धा तास पुढे करा.

सेंट जॉन्समध्ये पाहुणे विमानाने येत आणि लागोपाठ दोन सामने खेळून परतत. इथल्या मेपल लीफ्सची १९९२ ची अंतिम फेरी सात सामने चालली, सातही पाहुण्यांनी जिंकले. कप गेला. लीफ्स २००५ पर्यंत टिकले, पुढचा संघ आइसकॅप्स २०११ ते २०१७. लीफ्सचं जुनं घर, मेमोरियल स्टेडियम, क्विडी विडी तळ्यापाशी आहे. तिथे आता सुपरमार्केट आहे, त्यामुळे आत जायला तिकीट लागत नाही.