अडथळा खरा हवा
आज प्रेमकथा आणि फँटसी यांचा मेळ घालणारी एक जाडजूड कादंबरी वाचून संपली. जादू सुरेख, प्रेम मात्र लटकं. दोघांमधला अडथळा म्हणजे नुसता गैरसमज, समोरासमोर पाच मिनिटं बोलले असते तर मिटला असता. असल्या अडथळ्यावर शेकडो पानं तगत नाहीत.

जेन ऑस्टिनची प्रेमकथा ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) बघा. एकूण ६१ प्रकरणं, आणि नायक डार्सी नायिका एलिझाबेथला लग्नाची पहिली मागणी घालतो ती ३४व्या प्रकरणात. लगेच ३५व्यात त्याचं पत्र येतं, गैरसमज बराचसा दूर होतो, तरी गोष्ट संपत नाही. कारण खरा अडथळा दोघांच्या स्वभावात आहे. तिथून पुढे दोघांनाही बदलावं लागतं, आणि तेच वाचताना मन गुंततं.

फँटसीत खऱ्या अडथळ्याचं हे काम जादूसाठी मोजावी लागणारी किंमत करते. अर्सुला ले ग्विनच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीत (१९६८) गेड हा तरुण जादूगार घमेंडीत मंत्र घालतो, त्यातून एक घातक सावली मोकळी सुटते आणि पुढचं कथानक त्यावरच चालतं. आजच्या पुस्तकात मात्र शेवटच्या लढाईत नायिकेला अचानक नवी शक्ती गवसते. फार हळहळ वाटली! त्या शक्तीची खूण, आणि ती वापरल्यावर काय गमवावं लागतं हे, सुरुवातीच्या प्रकरणांतच पेरायला हवं होतं.