हातमोजे, बॅटरी आणि बदली

आज कळलं, आम्ही सैन्याला विकू पाहतोय त्या यंत्रात मनापासून रस घेणाऱ्या अधिकाऱ्यांची बदली झाली. म्हणजे पुन्हा श्रीगणेशा. नवे साहेब फाइल पहिल्या पानापासून वाचणार. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा, सही त्यांची असणार.

ओळखीच्यांना वाटतं, आम्ही प्रदर्शनात सूट घालून उभे राहतो आणि ऑर्डर घेऊन येतो. इथे वापरणारा एक, चाचणी घेणारा दुसरा आणि पैसे मंजूर करणारा तिसराच. सैनिकाला वस्तू आवडून भागत नाही. त्याची गरज बजेट ठरायच्या आधी कागदावर उतरावी लागते. आरएफआय, म्हणजे खरेदीआधी कंपन्यांकडून माहिती मागवणारं पत्रक, निघतं तेव्हा अटी अजून पक्क्या झालेल्या नसतात, खरं काम तेव्हाच करायचं. निविदा आल्यावर जागं होणाऱ्याच्या हाती बहुधा धुपाटणंच.

नासाकडून आलेल्या तंत्रसिद्धतेच्या 1 ते 9 या पट्टीवर आमचे इंजिनिअर स्वतःला 7 वर धरतात. मिल-स्टँडर्ड 810 या अमेरिकी लष्करी चाचणी-मानकाप्रमाणे उष्णता, धूळ, पाऊस, हादरे, सगळं झालंय. पण परवाच्या फील्ड ट्रायलला एका सैनिकाने जाड हातमोजे चढवून बटण दाबलं, तर शेजारचंही दाबलं गेलं. मग त्याने विचारलं, "बॅटरी कुठली?" त्यांच्या रेडिओची यात चालत नाही म्हटल्यावर त्याने यंत्र टेबलावर ठेवलं ते परत उचललं नाही. पाठीवर आणखी एका जातीच्या बॅटऱ्या वाहायच्या कुणी? पल्ल्याच्या आकड्यांवर आम्ही वीस स्लाइड केल्या होत्या. अहवालात मी हातमोजे आणि बॅटरी सगळ्यात वर लिहिलं. डिझाइनवाले अजून फुगलेत.

निर्यातीची एक चौकशीही डोक्यात घोळतेय. शस्त्रं आणि तशा तंत्राच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवायला काही देशांनी मिळून केलेली वासेनार व्यवस्था 1996 पासून आहे, पण ती ऐच्छिक. परवाना शेवटी प्रत्येक देश आपल्या कायद्याने देतो. त्यासाठी एंड-यूझर सर्टिफिकेट लागतं: माल वापरणार कोण, आणि परवानगीशिवाय पुढे देणार नाही ही हमी. समोरचा मध्यस्थ गोड बोलतो, आगाऊ रक्कम द्यायलाही तयार आहे, फक्त हमीचा विषय निघाला की फोन ठेवतो. परवाना विभागाकडे कागद जायची वाट न पाहता मी संध्याकाळी नकार कळवला. तिमाहीचा आकडा पडेल म्हणून वरिष्ठ चिडले, कारण लेखी मागितलं. एका ओळीत दिलं: अंतिम वापरकर्त्याचं नाव मिळत नाही.