स्वस्तातल्या हीटेड ग्रिप: माझा अनुभव

पहाटेच्या पाळीला मी पाऊण तास मोटरसायकल चालवत जातो. हिवाळ्यात अंगावर जाकीट असतं, पायांत जाड मोजे असतात, पण बोटांचं काय करायचं हे वर्षानुवर्षं सुटलं नव्हतं. एकदा कामाच्या फाटकाशी पोचलो, क्लच दाबायला गेलो, तर बोटं लिव्हरवर आहेत की नाहीत हेच समजेना. गाडी आचका देऊन बंद पडली. वेग नव्हता म्हणून निभावलं. हेच ब्रेकच्या हाताला भर रस्त्यात झालं असतं तर, हा विचार दिवसभर पाठ सोडेना. त्याच संध्याकाळी हीटेड ग्रिप, म्हणजे विजेवर गरम होणाऱ्या हँडलच्या मुठी, शोधायला बसलो.

नावाजलेल्या कंपन्यांचे सेट खिशाला परवडणारे नव्हते. मग सगळ्यात स्वस्त वस्तू घेतली: आहे त्या ग्रिपवर गुंडाळायची, वेल्क्रोने बसणारी गरम कव्हरं. अर्ध्या तासात लावून झाली आणि गरमही छान व्हायची. पण मूठ इतकी जाड झाली की क्लच ओढताना बोटांची पेरं कशीबशी पोचायची. त्याहून वाईट म्हणजे ॲक्सिलरेटरकडचं कव्हर हाताबरोबर घसरायचं. मी मूठ पिळतोय, कव्हर फिरतंय आणि गाडी मात्र आहे त्याच वेगात. आठवड्याच्या आत ती काढून टाकली. या प्रकारच्या वाटेला जाऊ नका, असं मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो.

त्याच कव्हरांनी आणखी एक धडा दिला. वायर मी थेट बॅटरीला जोडली होती आणि एक दिवस बटण बंद करायचं राहिलं. अशा हीटरला साधारण ३ अँपिअर लागतात आणि माझी बॅटरी ९ अँपिअर-तासांची, म्हणजे तीनेक तासांत कारभार आटोपला. पाळी संपवून आलो तर स्टार्टर नुसता टकटक करत होता.

दुसरा पर्याय रबराच्या आत चिकटवायच्या पातळ हीटरपट्ट्यांचा. पण त्यांची ऊब जाड रबरातून तळव्यापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून तो सोडला. उरला पूर्ण ग्रिप बदलण्याचा पर्याय, आणि निवड करायची असते ती खरी इथे.

आधी हँडलचा व्यास मोजा. बहुतेक गाड्यांचा २२ मिमी असतो, पण बऱ्याच क्रूझर प्रकारच्या मोटरसायकलींना २५.४ मिमीचं हँडल असतं. मग लांबी. माझ्या जुन्या ग्रिप १२० मिमीच्या होत्या. १३० मिमीच्या घेतल्या असत्या तर इंडिकेटरच्या स्विचचा खोका आत सरकवावा लागला असता. सेटमधल्या दोन ग्रिपही सारख्या नसतात. उजवी ग्रिप ॲक्सिलरेटरच्या प्लास्टिकच्या नळीवर चढते, म्हणून तिचं भोक मोठं असतं.

मापं जुळली म्हणून एक स्वस्त सेट मागवला. गाडीला लावण्याआधी सहज मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) लावला, तर दोन्ही ग्रिपचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, अगदी सारखा. वरवर चांगलं वाटतं, पण तसं नाही. डावी ग्रिप थेट धातूच्या नळीवर बसते आणि ती थंडगार नळी उष्णता शोषून घेते. उजवीखाली प्लास्टिक असल्यामुळे तिची ऊब टिकते. दोन्हींना सारखीच वीज मिळाली तर डावा हात गारच राहणार. सेट न वापरता परत केला.

पुढच्या वेळी विकणाऱ्याला आधीच दोन्ही बाजूंचा रोध विचारला. डावी ८ ओहम, उजवी ९ ओहम. रोध कमी तिथे वीज जास्त, म्हणजे डावी जास्त तापणार. गाडी चालू असताना साडेतेरा व्होल्ट धरले, तर डावीला जवळजवळ २३ वॉट, उजवीला २०. एकूण ४३ वॉट, सव्वातीन अँपिअरच्या आत. माझ्या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर वीज तयार करणारा भाग, १९० वॉटचा आहे, तोही इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असताना. त्यातून ५५ वॉटचा हेडलाइट, इग्निशन, फ्युएल पंप आणि बॅटरीचं चार्जिंग वजा केलं तरी जमत होतं. सिग्नलला गाडी नुसती घुरघुरत असते तेव्हा एवढी वीज तयार होत नाही, म्हणून तिथे मी हीट कमी करतो.

बटणाबद्दलही विचारून घ्या. काही स्वस्त सेटमध्ये 'लो' केलं की दोन्ही हीटर एकापाठोपाठ, म्हणजे सिरीजमध्ये जोडले जातात. प्रत्येकाला निम्मेच व्होल्ट मिळतात आणि उष्णता थेट चौथ्या हिश्शावर येते, म्हणजे असून नसल्यासारखी. मी चार पायऱ्यांचा कंट्रोलर असलेला सेट घेतला. तो वीज झपाट्याने चालू-बंद करून उष्णता कमी-जास्त करतो. थोडे जास्त पैसे गेले, पण त्याची हळहळ वाटली नाही.

नावाजलेला सेट न घेता वाचवलेल्या पैशातून रिले (छोट्या इशाऱ्यावर मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच), ५ अँपिअरचा फ्यूज आणि पाणी न शिरणारे कनेक्टर आणले. रिलेला इशारा टेललाइटच्या वायरवरून दिला. आता किल्ली बंद झाली की ग्रिपही बंद.

लावायला एक अख्खी सुट्टी गेली. ॲक्सिलरेटरच्या नळीवर उभ्या धारा होत्या. त्या कानशीने घासून सपाट केल्याशिवाय ग्रिप चढेना. मग सगळ्यात नाजूक काम, उजव्या बाजूच्या वायरीचं. ती मुठीबरोबर फिरते, म्हणून तिला पुरेशी ढील हवी, पण ब्रेक लिव्हरमध्ये अडकेल इतकी नको. गोंद लावण्याआधी ग्रिप कोरडीच बसवली, हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवलं आणि प्रत्येक ठिकाणी मूठ पिळून सोडली. उजवीकडच्या टोकाला ती परत यायला किंचित रेंगाळली. वायरीचं तोंड बोटभर खाली फिरवलं, तेव्हा 'टक' करून जागेवर आली. मगच गोंद लावला आणि रात्रभर गाडीला हात लावला नाही.

पहिल्या पहाटे तळवे पाच मिनिटांत ऊबदार झाले, पण बोटांची पाठ तशीच गारठलेली. ग्रिप फक्त तळव्याला शेकतात, वारा समोरून लागतच राहतो. साधे प्लास्टिकचे हँडगार्ड बसवले आणि तळव्याकडे पातळ, वरून जाड असे हातमोजे घेतले. पूर्वी तिसऱ्या पायरीवर जितकी ऊब लागायची, तितकी आता दुसरीवर मिळते.

दोन हिवाळे झाले. दर महिन्याला उजव्या वायरीचं वळण बोटाने चाचपून पाहतो, कारण तुटली तर ती तिथेच तुटेल. अजून शाबूत आहे.