थपडेला थप्पड

आज सुट्टी होती, म्हणून दुपारी खिडकीचे पडदे ओढून ‘इन द हीट ऑफ द नाइट’ हा १९६७चा चित्रपट पुन्हा पाहिला. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातल्या एका गावात खून होतो आणि स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलेल्या कृष्णवर्णीय माणसाला पोलीस केवळ रंगावरून धरून आणतात. तो निघतो फिलाडेल्फियाचा खून-तपासातला निष्णात अधिकारी टिब्ज. खुनाचा उलगडा मला दर वेळी जरा ओढूनताणून आणलेला वाटतो. पण ऑर्किडच्या काचघरातला तो प्रसंग! गोरा मळेमालक टिब्जच्या कानशिलात मारतो, टिब्ज तत्क्षणी ती थप्पड परत करतो, आणि ‘आता काय करणार?’ या मालकाच्या प्रश्नावर पोलीसप्रमुख झालेला रॉड स्टायगर ‘माहीत नाही’ एवढेच म्हणतो. तिथे मी चित्रपट थांबवला आणि गार झालेला चहा तसाच प्यायलो.

दक्षिणेत जिवाला धोका असल्यामुळे टिब्ज झालेला सिडनी पॉइटिए तिथे चित्रीकरणास तयार नव्हता, म्हणून बहुतेक चित्रीकरण उत्तरेकडच्या इलिनॉय राज्यात झाले. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येमुळे दोन दिवस पुढे ढकललेल्या ऑस्कर सोहळ्यात, १० एप्रिल १९६८ रोजी, हाच सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. स्टायगरलाही पुरस्कार मिळाला. पॉइटिएला मात्र साधे नामांकनही नव्हते.