विहिरीतल्या पाषाणाचा चुंबकीय नकाशा : माझा अनुभव

पीएचडीसाठी मला परभणीजवळच्या एका विहिरीतून निघालेल्या काळ्या पाषाणाचा चुंबकीय नकाशा काढायचा होता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड झाला, तेव्हा त्यातल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाच्या कणांनी त्या काळचं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र धरून ठेवलं. असे नकाशे काढणाऱ्या स्क्विड सूक्ष्मदर्शकाला अतिसंवाहक, अतिथंड संवेदक लागतो, आणि द्रव हेलियम आमच्याकडे आणायचं कुठून? त्याऐवजी चुंबकीय क्षेत्र मोजणारा एनव्ही (नायट्रोजन-व्हेकन्सी) हिरा साध्या तापमानाला चालतो, दगडाला अगदी चिकटवून ठेवता येतो.

या हिऱ्यात कार्बनच्या जागी नायट्रोजनचा एक अणू आणि त्याला लागून एक रिकामी जागा असते. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर टाकला की तो लाल चमकतो. २.८७ गिगाहर्ट्झच्या आसपास मायक्रोवेव्ह दिले की चमक कमी होते, म्हणजे आलेखात तिथे खड्डा दिसतो. चुंबकीय क्षेत्रात या एका खड्ड्याचे दोन होतात आणि त्यांच्यातल्या अंतरावरून क्षेत्र कळतं.

दगडाची पातळ चकती फरशीवाल्याकडून पाणी सोडत कापून घेतली. मोजणीसाठी स्थिर चुंबकीय क्षेत्र देणाऱ्या दोन कॉइल मात्र मोटार रिवायंडिंगच्या दुकानात गुंडाळून घेतल्या. शेतीपंपांच्या मोटारी रोज भरणाऱ्या कारागिराने दोन्ही कॉइलचे वेढे इतके एकसारखे दिले की मला पुन्हा काही करावं लागलं नाही. इकडच्या कारागिरांवर माझा विश्वास आधीपासून होताच.

खरा घोर होता उन्हाचा. एप्रिलमध्ये खोली दुपारपर्यंत तापते, आणि तापमान एका अंशाने वाढलं की २.८७ चा मध्यबिंदू सुमारे ७४ किलोहर्ट्झने खाली सरकतो. पाषाणाचं क्षेत्र असतं काही मायक्रोटेस्लांचं, म्हणजे खड्डा सरकणार शंभरेक किलोहर्ट्झ. उष्णताच दगडाइतकी बोलायची! उपाय असा की एकाच खड्ड्यावर विसंबायचं नाही. उष्णतेने दोन्ही खड्डे एकाच बाजूला सरकतात, क्षेत्राने विरुद्ध बाजूंना. त्यामुळे दोहोंची वजाबाकी केली की उष्णता गळून पडते. कॉइलला स्थिर प्रवाहाचा पुरवठा दिला, कारण साधा लोहचुंबक तापला की त्याचं क्षेत्रही बदलतं.

नंतर कॉइलचा प्रवाह उलटा करून त्याच चकतीचा नकाशा पुन्हा काढला. प्रवाहाने दगडात उमटवलेलं चुंबकत्व उलटतं, जुनं मात्र जागचं हलत नाही, म्हणून दोन नकाशांतून ते वेगळं काढता येतं. पडद्यावर निळे-तांबडे डाग जोडीजोडीने उमटले. प्रत्येक जोडी म्हणजे एका कणाचे, नाहीतर कणांच्या पुंजक्याचे दोन ध्रुव. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या जुन्या क्षेत्राची दिशा सांगायची तर दगड फोडण्याआधीच त्यावर उत्तरेची खूण हवी. पुढच्या विहिरीच्या कामावर त्यासाठी होकायंत्र घेऊन जाणार आहे.