डॉसन सिटी एका रात्रीत उरकू नका

कॅनडाच्या युकॉन प्रदेशात व्हाइटहॉर्सहून नॉर्थ क्लॉन्डाइक हायवेने डॉसन सिटी सुमारे ५३० किलोमीटर. गाडीने सहा-सात तास धरा. वाटेत कारमॅक्स, पेली क्रॉसिंग अशी तुरळक वस्ती आहे, म्हणून टाकी अर्ध्यावर आली की दिसेल त्या पंपावर भरून घ्या. मोबाइलला बराच वेळ रेंज नसते. नकाशा आधीच उतरवून ठेवा. एवढा पल्ला मारून लोक इथे एकच रात्र राहतात आणि सकाळी अलास्काकडे निघतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. उन्हाळ्यात या गावाला खरी जाग रात्री नऊला येते.

१६ ऑगस्ट १८९६ रोजी जवळच्या ओढ्यात सोनं सापडलं. कीश ऊर्फ स्कूकम जिम, डॉसन चार्ली, केट आणि जॉर्ज कारमॅक या चौघांची नावं त्या शोधाशी जोडलेली आहेत. दोन वर्षांत इथे तीस हजारांच्या आसपास माणसं जमली. १८९९ मध्ये अलास्कातल्या नोम इथे सोनं सापडल्याची बातमी आली आणि गाव ओसरलं. आज वस्ती दीड हजारांच्या घरात आहे. त्र'ऑन्डेक ह्वेच'इन लोकांची ही मूळ भूमी २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत आली.

रस्ते मातीचे, कडेला फळ्यांच्या पायवाटा. पाऊस झाला की चिखल होतो, तेव्हा जाड तळाचे बूट हवेत. थर्ड अव्हेन्यूवरची एकमेकींवर कललेली घरं पाहाच. खाली कायम गोठलेली जमीन आहे. घरातली ऊब तळाशी झिरपते, बर्फ वितळतो आणि पाया खचतो. म्हणूनच नवी घरं खडीचा थर घालून, जमिनीपासून उचलून बांधतात.

सकाळ बोनान्झा क्रीकसाठी, म्हणजे सोनं सापडलेल्या त्याच ओढ्यासाठी ठेवा. गावापासून साधारण १३ किलोमीटरवर 'ड्रेज नंबर ४' उभं आहे: लाकडी तळाचं, आठ मजली उंच, १९१२ मध्ये बांधलेलं आणि १९५९ पर्यंत ओढ्याचा तळ उपसणारं यंत्र. रस्त्याकडेच्या दगडगोट्यांच्या वळ्या अशा यंत्रांनीच मागे टाकल्या. थोडं पुढे 'क्लेम नंबर ६' हा खाणकामाचा पट्टा आहे, तिथे कुणालाही फुकट सोनं धुता येतं. परात मात्र आपली न्यायची. आजूबाजूचे पट्टे खासगी आहेत, तिथे अजून खाणकाम चालतं. त्यांत पाऊल टाकू नका.

तांदूळ रोवळता येत असतील तर निम्मं काम येतंच. पाऊण परात वाळू घेऊन पाण्याखाली धरा आणि मातीचे गोळे बोटांनी फोडा. नवखे इथेच चुकतात: चिकणमातीला चिकटलेले कण गोळ्याबरोबर वाहून जातात. मोठे दगड परातीतच धुऊन मग फेका. परात सपाट धरून डावी-उजवीकडे जोरात हलवा, म्हणजे जड ते तळाशी बसेल. मग पुढची कड किंचित खाली करून वरची वाळू पाण्याबरोबर सोडा. दर चार-पाच वेळांनी पुन्हा सपाट धरून हलवायचं, नाहीतर सोनंही जातं. शेवटी काळी वाळू उरते. चमचाभर पाणी हळूच फिरवलं की ती पुढे सरकते आणि मागे पिवळी रेघ राहते, कारण सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, तर काळी वाळू पाचेक पट. चमकतं ते सोनंच असं नाही. परात सावलीत धरा, अभ्रकाची चमक जाते, सोन्याचा रंग टिकतो. हाताला सनस्क्रीनचं तेल असेल तर बारीक कण तरंगून निसटतात, म्हणून आधी साबणाने हात धुवा. पाणी बर्फासारखं असतं, रबरी हातमोजे न्या.

रात्रीच्या कॅनकॅन नाचाच्या शोआधी जेवून घ्या. पबमधली स्वयंपाकघरं पबच्या आधी बंद होतात. आंबवलेल्या पिठाचे, म्हणजे सावरडोचे पॅनकेक नाश्त्याला मागवा. युकॉनमध्ये हिवाळा काढलेल्या माणसालाही सावरडोच म्हणतात, नवख्याला चीचाको. युकॉन नदीच्या चिनूक सामनची मासेमारी २०२४ पासून सात वर्षं बंद आहे. ही बंदी योग्यच आहे. 'आर्क्टिक चार' हा मासा मिळाला तर तो खा.

रात्री 'डायमंड टूथ गर्टीज'. १९७१ पासूनचं हे कॅसिनो ना-नफा संस्था चालवते आणि उत्पन्न गावाच्या कामी लावते, त्यामुळे इथे हरलेल्या पैशाची मला हळहळ वाटत नाही. वय १९ पूर्ण हवं, फोटो ओळखपत्र न्या. कॅनकॅन नाचाचे दोन-तीन खेळ होतात. पुढची जागा हवी तर अर्धा तास आधी बसा.

डाउनटाउन हॉटेलात १९७३ पासून 'सावरटो' चालतं: मिठात सुकवलेला माणसाच्या पायाचा खराखुरा अंगठा कडक दारूच्या पेल्यात टाकतात, आणि पिताना तो ओठाला लागलाच पाहिजे. २०१३ मध्ये एकाने तो मुद्दाम गिळला, तेव्हापासून दंड ५०० वरून २,५०० डॉलर झाला. शांत बसायचं असेल तर 'बॉम्बे पेगीज' या पबमध्ये जा. नाव ऐकून मराठी माणूस थबकतोच. 'बॉम्बे पेगी' हे इथल्या जुन्या मालकिणीचं टोपणनाव, आणि ही वास्तू एकेकाळी वेश्यागृह होती. गाणी ऐकायला वेस्टमिन्स्टर हॉटेलचा 'द पिट' हा बार.

दुसऱ्या रात्री बाराच्या सुमारास गाडीने मिडनाइट डोम या टेकडीवर जा. जूनअखेर सूर्य पाऊण-एकला मावळतो, चारच्या आत उगवतो, मधे अंधार पडतच नाही. वरून क्लॉन्डाइक नदीचं स्वच्छ पाणी युकॉन नदीच्या गढूळ प्रवाहाला मिळताना दोन रंगांची रेघ दिसते. स्वेटर आणि डासांचं मलम बरोबर असू द्या.